परदेशात नुसतं बसायला

गेल्या वर्षी आम्ही दोघं व्हिएतनामच्या समुद्रावरून घरी परतलो, ते ह्यांचा डावा हात गळ्यात बांधून. त्यानंतर आठवड्याभरात आमचे दोन्ही पासपोर्ट माझ्या कपाटातून नाहीसे झाले. साड्यांच्या घडीखाली, उशीच्या जुन्या अभ्र्यात ते असायचे. अभ्रा जागेवर होता, शेजारच्या सोन्याच्या बांगड्या जागेवर होत्या, गेले होते फक्त पासपोर्ट. एवढा नेमका चोर घरचाच असतो.

माझं वय अडुसष्ट, ह्यांचं त्र्याहत्तर. सोलापुरात आमचं भांड्यांचं दुकान आहे, ते आता मुलगा बघतो. आम्ही दोघं सात-आठ वर्षांपासून, जमेल तसं, एखाद्या परक्या गावात जाऊन दहा-बारा दिवस राहून येतो. घरात सगळ्यांचं ठरलं होतं की हे आता पुरे. वय झालं, हात मोडला, देवानं इशारा दिला. मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मीही कुणाला न विचारता ठरवलं की या वर्षीही जायचं.

असा हट्ट करायला मी फार उशिरा शिकले. एकोणिसाव्या वर्षी वळसंगहून या घरात जी सून आली होती ती मला आज भेटली, तर मी आधी तिला एक सणसणीत चिमटा काढीन. काय तो पदर! डोक्यावरून इतका पुढे की तिला वर्षभर सासऱ्यांची फक्त पावलं माहीत होती. सासूबाई एरवी कानडीत बोलायच्या आणि रागावल्या की मराठीत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, रस्त्यानं जाताना नवऱ्याच्या मागं दहा पावलं राहायचं. बाकीच्या सुना हे ऐकायच्या आणि अंदाजानं मागं राहायच्या. आमच्या बाईसाहेब मोजून दहा! हे पान घ्यायला थांबले की ती पण थांबायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. नव्या पेठेत एका भिंतीवर मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात होती. ती तिनं इतक्यांदा वाचली असेल की त्या वैद्याला वाटलं असेल, गिऱ्हाईक नक्की आहे, फक्त लाजतंय.

लग्नानंतरचा आमचा पहिला एकत्र प्रवास जवळच्याच होटगीपर्यंतचा. रेल्वेनं. एकत्र म्हणजे गाडी एकच होती. हे पुरुषांच्या घोळक्यात, मी बायकांच्यात, मांडीवर लाडवांचा डबा. खिडकीत बसलेल्या सुनेकडे लोक बघतात असं कुणीतरी म्हणालं, म्हणून ही शहाणी होटगी येईपर्यंत खिडकीकडे पाठ करून बसली. बाहेर बघण्यासारखं फारसं नव्हतं हे कबूल. पण बघायला काय झालं होतं?

आणि बसणं! रिकाम्या हातानं बसलेली बाई आमच्या घरात कुणी पाहिली नव्हती. व्यापाऱ्याचं घर, रिकामं माणूस आणि रिकामं भांडं दोन्ही डोळ्यांत खुपायचं. दुपारी दोन मिनिटं टेकले आणि जिन्यावर पाऊल वाजलं की मी तांदळाचं सूप पुढे ओढायची. निवडलेले तांदूळ परत निवडायची. एकदा तर खडे संपले म्हणून मीच अंगणातले चार टाकले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तर अशी ही बाई साठीला पोचली. ह्यांच्या पासष्टीला मुलानं आम्हाला सिंगापूरला पाठवलं, कंपनीच्या सहलीबरोबर. पुढे छत्री उंच धरलेला एक माणूस आणि मागं आम्ही अडतीस जण. उतरा, बघा, फोटो काढा, चढा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळ मोकळी होती. हे म्हणाले, चल, त्यांची ती जमिनीखालची रेल्वे बघू.

स्टेशनात हे पुढे, मी मागं. कुणी सांगितलं नव्हतं, पाय आपोआपच तसे पडत होते. गाडी आली, दारं उघडली, हे आत शिरले. मी माझ्या हिशोबानं निघाले, सातवं-आठवं पाऊल टाकलं आणि दारं मिटली. काचेच्या पलीकडे ह्यांची पाठ होती. पाठच. कारण मागं वळून बघायची सवय ह्यांनाही नव्हती. गाडी निघून गेली.

माझा फोन हॉटेलवर. पिशवीत कडक भाकरीचे तुकडे, शेंगाचटणी आणि हॉटेलचा पत्ता. ती जुनी सूनबाई असती तर तिनं तिथेच टाहो फोडला असता. मी रडायची तयारी केली, एका बाकावर बसले, आणि रडू येईना. वरच्या जाळीतून गार वारा येत होता. समोरून नाना तऱ्हेची माणसं चालली होती. मला कुणी ओळखत नव्हतं, कुणाला माझ्याकडून काही हवं नव्हतं, आणि हातात सूप नव्हतं. मी भाकरीचा तुकडा काढून खाऊ लागले. अर्ध्या तासानं हे आले, घामाघूम, शर्ट एका बाजूनं बाहेर.

"मागं कशाला राहिलीस?"

"मग कुटं राहू? चाळीस वर्षं मागंच हाय की!"

"अगं, हितं दार बंद होतं!"

"सोलापुरात होत नव्हतं म्हणून खपलं."

चिडलो की आमची दोघांची भाषा पार शेतापर्यंत जाते. आजूबाजूचे लोक बघू लागले. हे खाली बसले, माझ्या हातातला भाकरीचा तुकडा घेतला आणि चावत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या स्टेशनला उतरलो तर तू नाहीस. माझा जीव कुटं गेला ठाऊक हाय का?"

मी म्हटलं, "यापुढं हात धरायचा. न्हाईतर मी कुठंच येणार नाही."

"रस्त्यात?"

"रस्त्यातच. घरात कशाला धरायचाय?"

ह्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि माझं मनगट धरलं. बाजाराला बकरी नेताना धरतात तसं. मी म्हटलं, मनगट नव्हे, हात. मग हात धरला. दुसऱ्या दिवशी छत्रीवाल्याला सांगितलं की आम्ही येत नाही, आणि नदीकाठच्या एका बाकावर दिवसभर बसून राहिलो. तो बिचारा हवालदिल. "काकी, पैसे भरलेत तुम्ही! आज तर सगळ्यात महत्त्वाची ठिकाणं आहेत!" मी म्हटलं, बाळा, तू बघून ये आणि कशी आहेत ते आम्हाला सांग.

तेव्हापासून आम्ही सहलीबरोबर गेलो नाही. एक गाव निवडायचं, स्वयंपाकघर असलेली खोली घ्यायची आणि बसायचं. सकाळी हे आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेऊन पूजा करणार, घरी करतात तेवढाच वेळ, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मग चहा. मग बाजारातून भाजी आणि मग बाक.

लिस्बनला जायचं ठरलं तेव्हा व्हिसाच्या कागदांत रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, असं इथला एजंट म्हणाला. चौदा दिवस, काय काय करणार? मी सांगितलं, लिही, सकाळी चहा, नंतर बाक. तो पेन टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "आजी, असं लिहिलं तर त्यांना संशय येईल." शेवटी त्यानं स्वतःच्या मनानं संग्रहालयं आणि चर्चं लिहिली. त्यातलं एकही आम्ही बघितलं नाही. टेकाडावर एक बाग होती, तिथून खाली नदी दिसायची आणि पिवळी ट्राम धापा टाकत वर यायची. ट्राम आली की हे म्हणायचे, आली. गेली की मी म्हणायची, गेली. एवढं संभाषण पुरत होतं.

हे फक्त एका गोष्टीसाठी उठायचे. भांड्यांचं दुकान दिसलं की पाय थांबलेच. तिथल्या एका दुकानात शिंपल्यासारखं उघडणारं तांब्याचं भांडं होतं. ह्यांनी ते उचललं, बोटाच्या पेरानं वाजवलं आणि कान लावला. म्हातारा दुकानदार आतून आला. त्यानं दुसरं भांडं काढून वाजवलं. ह्यांनी मान हलवली, पातळ. त्यानं तिसरं वाजवलं. ह्यांनी भुवई उंचावली, हां, हे ठीक. तासभर दोघं वाजवत होते. एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती आणि मला दोघांच्या बोलण्यात शिरायला जागा मिळत नव्हती. घेतलं काहीच नाही. निघताना त्या म्हाताऱ्यानं ह्यांना मिठी मारली. सोलापुरात ह्यांना मिठी मारायची कुणाची टाप आहे?

परत आल्यावर थोरल्या जाऊबाई भेटायला आल्या. चौकशी करायला त्यांना फार आवडतं.

"काय काय बघितलंत?"

"एक बाक बघितला."

"म्हणजे?"

"लाकडी होता. हिरवा रंग दिलेला."

"अगं बाई, एवढं लांब जाऊन बाकावर बसलात? बसायचं तर हितं काय जागा नव्हती का?"

"हितल्या बाकावर बसलं की तुमी येता की, जाऊबाई."

त्या हसल्या, पण चहा अर्धाच प्यायल्या. त्यांना काय बोल लावू? माझ्या धाकट्या नणंदेनं एकदा काही कारण नसताना दोन दिवस महाबळेश्वरला जायचं काढलं होतं, तेव्हा सगळ्यांत मोठ्यांदा नाक मुरडणारी मीच होते. 'कारण नसताना' हे शब्दही माझेच. त्या वेळी मला वाटायचं, बाईनं घराबाहेर पडायला निदान एक बारसं तरी हवं.

समुद्राची सवय लंकेत लागली. तिथे पहिल्या दिवशी मी साडी नेसून पाण्यात उतरले आणि साडी माझ्याआधी परत किनाऱ्याला आली. दुसऱ्या दिवशी पोटरीपर्यंतची विजार घेतली. ह्यांनी फोटो काढला आणि हौसेनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.  तासाभरानं एका पुतण्यानं जोडलेले हात टाकले आणि जाऊबाईंनी लिहिलं, 'वयाला शोभेल असं असावं'. मी त्याच विजारीत आइस्क्रीम खातानाचा दुसरा फोटो टाकला. विजार माझ्या वयाला शोभत नसेल, पण माझं वय त्या विजारीला छान शोभत होतं.

आता व्हिएतनामचं.

दा नांगला लांबच लांब पुळण आहे आणि सकाळी लवकर तिथली म्हातारी माणसं पाण्यात उतरतात. आम्ही त्यांच्यात मिसळून गेलो होतो. कमरेइतक्या पाण्यात जायचं, हात धरून उभं राहायचं, लाट आली की उडी मारायची. आठव्या दिवशी एक लाट आमच्या मापाची नव्हती. माझ्या हातातला हात गेला, पाय सुटले आणि मी खाली. तोंडात वाळू, मंगळसूत्र कानाला गुंडाळलेलं, वर कुठे आणि खाली कुठे काही कळेना. पाणी ओसरलं तेव्हा मी गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात चक्क बसले होते. मला हसू फुटलं. बाजूला बघते तर हे आडवे, डावा खांदा धरून. टोपलीसारख्या गोल होडीतून आलेल्या दोघा कोळ्यांनी ह्यांना उचलून वाळूवर आणलं. दवाखाना झाला, हात बांधला. डॉक्टर म्हणाले, साधं मोडलंय, सहा आठवड्यांत जुळेल.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. पण हे विमानात बोलले नाहीत, घरी आल्यावर बोलले नाहीत. मला वाटलं, दुखत असेल.

आणि मग पासपोर्ट गेले. मी थोडे महिने वाट बघितली, लोकांना बोलून घेऊ दिलं. दिवाळी झाल्यावर एका सकाळी रिक्षा केली आणि थेट दुकानात गेले. लग्नसराईचे दिवस. गादीवर एका नवरीकडची सहा माणसं बसलेली, समोर तांब्या-पितळेचा ढीग. मुलगा उठून उभा राहिला.

"आई? आत बस की. चहा सांगतो."

"चहा नको. पासपोर्ट दे."

"आई, गिऱ्हाईक आहे."

"असू दे. त्यांची मुलगी सासरी जाणार आहे. सासरी काय काय चालतं ते तिला कळलेलं बरं."

गिऱ्हाइकातल्या एक वयस्कर बाई पुढे सरकल्या. "कुटं जायचं म्हणता, मावशी?"

"समुद्रावर."

"देवदर्शनाला व्हय?"

"नव्हं. बसायला."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि हातातला हंडा खाली ठेवला. आता भांड्यांपेक्षा आमच्याकडेच लक्ष होतं सगळ्यांचं. मुलगा मला हाताला धरून मागच्या गोदामात घेऊन गेला. कढयांच्या चळतीजवळ उभा राहून त्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढला. तो असं करतो तेव्हा खरं बोलणार असतो, लहानपणी चष्मा नव्हता तेव्हा नाक पुसायचा.

"आई, मी नाही घेतले. अप्पांनीच आणून दिले. म्हणाले, तिनं कितीही मागितले तरी देऊ नकोस."

मला त्या कढयांवर बसावंसं वाटलं. मी इतके महिने मुलावर, सुनेवर, जाऊबाईंवर, साऱ्या सोलापुरावर दात धरून होते. आणि चोर माझ्या शेजारी बसून रोज सकाळी चहात बिस्किट बुडवत होता.

घरी आले. हे गॅलरीत बसून रबरी चेंडू दाबत होते. फिजिओथेरपीवाल्यानं सांगितलेलं, दिवसाला शंभर वेळा. मी समोरच्या खुर्चीवर बसले.

"पासपोर्ट तुम्ही दिले?"

चेंडू थांबला. "व्हय."

"भीती वाटली?"

"न्हाय."

"मग?"

 खाली भंगारवाला ओरडत कोपऱ्यावर वळला. मग चेंडूकडे बघत म्हणाले, "लाटेनं हात सुटला न्हाय. मी सोडला."

मला कळेना.

"लाट आली तशी हात गळ्याकडं गेला. लिंगाकडं. धरलेला हात सोडून दिला मी तुझा. तू खाली गेलीस ते दिसलं मला. तरी मूठ उघडली न्हाय."

ह्यांच्या गळ्यात शिवदोरा आहे, त्याला चांदीची डबी आणि डबीत इष्टलिंग. सातव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासून ते अंगावरून उतरलेलं नाही. झोपेत नाही, आंघोळीत नाही, दुखण्यात नाही. आमच्यात ते असंच असतं, त्याला इलाज नाही. पाण्यात उतरताना मी बघायची, ह्यांचा एक हात माझ्या हातात आणि दुसरा अधूनमधून छातीवर जाऊन चाचपून यायचा. त्या दिवशी छातीजवळचा हात खाली वाळूत टेकला असणार, म्हणून खांदा मोडला, आणि माझा हात धरलेला हात वर गेला.

खरं सांगते, मला लागलं ते. मी आतल्या आत ते चाखून बघितलं आणि ते कडू होतं. पन्नास वर्षांचा संसार आणि वेळ आली तेव्हा मूठ तिकडे गेली. मी उठून स्वयंपाकघरात गेले, विनाकारण डाळीचा डबा उघडला, बंद केला. मग परत आले.

"तुम्हाला दोराच गच्च बांधता येत नाही," मी म्हटलं.

"काय?"

"माझं बघा." मी कुडत्याची गळपट्टी उलटून दाखवली. माझंही लिंग आहे, सासूबाईंनी दिलेलं. ते मी आतल्या बाजूनं दोन सेफ्टी पिना मारून अडकवते, एक आडवी, एक उभी. "बायकांना दोन्ही हात मोकळे लागतात. तुमचं सगळं सुटं आणि भरवसा मुठीवर. मला विचारलं असतं तर पिन दिली असती."

"हसू नकोस."

"मग काय रडू?"

"चेष्टा करू नकोस गं. परत लाट आली तर परत तेच होईल. हात आपोआप जातो. पिन मारून काय उपयोग? साठ-पासष्ट वर्षांची सवय, ती विचारून जात न्हाय." आणि मग एकदम चढ्या आवाजात, "तुला बुडवायला मी येणार न्हाय. तुला मुलगा घेऊन जाईल. नातीबरोबर जा. माझ्याबरोबर नको."

पहिल्यांदाच मला काय पणाला लागलंय ते कळलं. ह्यांना समुद्राची भीती नव्हती, स्वतःच्या हाताची होती. आणि तो हात धरूनच तर सगळं सुरू झालं होतं. आता हे घरी बसणार, मी ह्यांच्या शेजारी बसणार, आणि दोघांच्या मध्ये ती लाट बसणार, मरेपर्यंत. ते मला मंजूर नव्हतं.

मी म्हटलं, "बरं. मग मला तुमचा हातच लागणार नाही असं करते."

सोमवारी मी पोहण्याच्या तलावावर गेले आणि बायकांच्या सकाळच्या बॅचमध्ये नाव घातलं. शिकवणारी मुलगी माझ्या नातीएवढी. तिनं वय विचारलं, मी सांगितलं, तिनं परत विचारलं. म्हणाली, डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. मी ती आधीच आणली होती. पोशाख आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "नातीला का आजी?" मी म्हटलं, व्हय, पण माप माझं घ्या.

घरी बातमी फुटली. सून घाबरली, मुलगा हसला आणि मग घाबरला. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, पाय पांढरे होतील पाण्यात."  दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी उचलली, तर दारात हे चपला घालून उभे.

"तुम्ही कुठं?"

"रिक्षात एकटी जाणार का?"

बायकांच्या वेळेत पुरुषांना आत सोडत नाहीत. तलावाच्या भोवती उंच भिंत आहे, तिच्या बाहेर एक कडुनिंब. त्याच्याखाली हे उभे राहू लागले, रोज, टॉवेलची पिशवी आणि चहाचा थर्मास घेऊन. दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू यायचं. मी पहिले दहा दिवस नुसती कडेचा दांडा धरून पाय मारत होते आणि बाजूनं जाणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात पाणी उडवत होते. शिकवणारी ओरडायची, "आजी, दांडा सोडा! आजी, सोडा!" भिंतीबाहेरून आवाज यायचा, "सोड की गं!" सगळ्या बायका खो खो हसायच्या. कॉलेजच्या दोघी तर त्यांना 'बाहेरचे सर' म्हणायच्या. निघताना विचारायच्या, बाहेरचे सर आज गप्प का?

तिसऱ्या आठवड्यात मी तरंगले. पाठीवर. कानात पाणी गेल्यावर जग असं शांत होतं, हे मला अडुसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या बायकांना ही गोष्ट लहानपणीच सांगितली तर घरं चालणार नाहीत, म्हणून सांगत नसावेत. पाचव्या आठवड्यात चार हात, मग आठ, मग अर्धी रुंदी. रोज संध्याकाळी हे विचारायचे, आज किती? मी सांगायची. हे मान हलवायचे, भांडं वाजवून बघताना हलवतात तशी. म्हणजे अजून पातळ.

परवा, गुरुवारी, मी पूर्ण रुंदी ओलांडली. मध्ये पाय टेकला नाही, दांडा धरला नाही. शेवटच्या दोन हातांना छाती फुटायला आली होती आणि मी हेका धरून पोचले. पलीकडच्या काठाला लागले आणि भिंतीकडे तोंड करून ओरडले, "आहे का कुणी बाहेर?"

"आहे."

"पूर्ण झाली!"

 आतल्या सगळ्या बायका पाण्यात थांबून ऐकत होत्या. मग भिंतीपलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"थांबली न्हाईस ना मधी?"

"न्हाय."

"कुणी धरलं न्हाय?"

"कोण धरतंय हितं मला? बायका माझ्यापासून लांब पळतात!"

थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज आला. मग, "मग मी पासपोर्ट मागून आणू का त्याच्याकडनं?"

मुलानं ते आदल्या दुपारीच माझ्या हातात दिले होते, 'किती झालं, आई?' एवढंच विचारून, आणि 'अप्पांना मी दिले म्हणून सांगू नकोस' असं बजावून. बापलेक दोघंही एकाच साच्यातले.

"पिशवीत बघा," मी ओरडले. "टॉवेलच्या खाली."

प्लास्टिकची पिशवी खसाखसा वाजली.  पासपोर्टच्या मध्ये एक घडी घातलेला कागद होता, तो ह्यांनी आता उघडला असणार, कारण आवाज एकदम बदलला.

"अगं ए! ही तिकिटं कधी काढलीस? कुटली हायत ही? मला विचारलंस का तू?"

शिकवणारी मुलगी म्हणाली, आजी, उत्तर द्या ना. मी डोकं पाण्यात घातलं आणि परत निघाले.